झीलकरी

दीपाली सिस्टरने सुई उचलली आणि चुडामणबुवांनी हात मागे ओढला.

"आज नको. आज बीपी जास्त आहे माझं."

"बीपी मी आत्ताच पाहिलं ना बाबा, बिलकुल ठीक आहे," सिस्टर म्हणाली. "डॉक्टर काय बोलून गेले? आज डायलिसिस झालंच पाहिजे. अंगात पाणी भरलंय, श्वास चढतोय, आणि तुम्ही नखरे करून राहिले."

बुवांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर त्यांची बायको ज्योत्स्ना पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला हाक मारावी, रिक्षा बोलव म्हणावं, घरी जाऊन जे व्हायचं ते होवो. बऱ्हाणपुरापासून शाहपुरापर्यंत ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की चुडामणबुवा. दानिएलाचं आख्यान लावावं तर त्यांनीच. राजा दानिएलाला सिंहांच्या गुहेत टाकतो तिथवर आले की पेटी थांबायची, लहान पोरं आयांच्या पदरात शिरायची. आणि त्याच बुवांना आज एका सुईपुढे हात धरवत नव्हता.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सिस्टर, माझी जागा मोकळी आहे ना?"

बुवांनी आवाज ओळखला. फोपनारच्या मथुराबाई. कीर्तनाला कायम पहिल्या रांगेत. बुवांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

शेजारची खाट करकरली. "हे कोण, तोंड झाकून?"

"नवीन पेशंट. डरतात."

"डरायचंच ना माय. मी तर पहिल्या दिवशी जिन्यावरूनच पळाले होते."

चादरीच्या फटीतून बुवांना मथुराबाईंचा हात दिसला. कासाराकडे बांगड्या भरायला द्यावा तसा त्यांनी तो सिस्टरपुढे ठेवला होता. सुई शिरली. दुसऱ्या हाताची मूठ वळली, आणि त्या गाऊ लागल्या, हळू, बेसूर:

"गुहेत माझ्याआधी उतरले कोणी, बिबट्यांची तोंडे बांधिली कोणी?"

ध्रुपद बुवांचंच. फक्त सिंहांच्या जागी बिबटे. फोपनारच्या माणसांनी सिंह कुठला पाहायला, केळीच्या बागेत त्यांना भेटतो तो बिबट्याच. गेल्या नाताळात ह्याच चुकीवर बुवांनी कीर्तन थांबवून सगळ्यांदेखत त्यांना टोकलं होतं, "बाई, दानिएल काय फोपनारला राहत होता?" मांडव हसला होता. मथुराबाईही हसल्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"भाऊ," त्या चादरीकडे वळून म्हणाल्या, "टेन्शन नका घेऊ. आमच्याकडे एक बुवा आहेत. ते सांगतात, दानिएल भ्याला नसेल असं समजू नका. भ्यालाच तो. पण खाली एकटा नव्हता, प्रभू आधीच उतरून बसलेला. त्या एका बोलावर मी इथं येते, बघा. तुम्ही ऐकलं पाहिजे त्यांना."

चादरीखाली बुवांचे कान तापले. आपलाच ऊन श्वास तोंडावर परतून येत होता. किती मांडवांत म्हटला होता हा बोल. म्हणताना सगळा जीव पेटीच्या सुराकडे आणि लोकांच्या डोळ्यांकडे असायचा. ऐकला मात्र आज.

त्यांनी चादर खाली केली.

"माय माय! बुवा, तुम्ही?" मथुराबाईंनी मोकळ्या हाताने पदर सावरला. "माफ करा हां, मी आपली वेडंवाकडं म्हणत होते. आता तुम्हीच म्हणा ना."

बुवांना त्यांच्याकडे बघवेना. कीर्तनात बुवा पुढे असतात. मागे उभे राहून त्यांचं ध्रुपद उचलतात ते झीलकरी. चुडामणबुवा जन्मात कधी मागे उभे राहिले नव्हते.

"नाही बाई," ते म्हणाले. "तुम्ही म्हणा. मी झील धरतो."

त्यांनी हात सिस्टरपुढे केला. सिस्टरने मनगटाला धरून ठेवला. मथुराबाईंनी ओळ म्हटली. सुई शिरली, आणि मागून बुवांचा फाटका आवाज आला,

"बिबट्यांची तोंडे... बांधिली कोणी?"