विसाव्याची जागा

बायडाबाईंची तिरडी सोसायटीच्या फाटकाशी अडली. फाटकात ताजी रांगोळी होती आणि रांगोळीमागे सेक्रेटरी श्रीनिवास लेले आडवे हात करून उभे होते.

"अहो, आत कुठे? आज आमच्या हेमाचा साखरपुडा आहे. स्मशान पुढे आहे, इथे नाही."

"विसावा आत हाय," सर्जेराव म्हणाले. आईच्या पुढे ते विस्तवाचं मडकं धरून चालत होते.

गावातलं प्रत्येक माणूस शेवटच्या वाटेवर विसाव्याच्या त्याच दगडापाशी टेकवलेलं. तिथे खांदेकरी बदलायचे, त्याआधी तिरडी जमिनीला लागू द्यायची नाही. दगडाच्या जागी आता लिफ्ट होती.

"मग बिल्डरला जमीन विकताना बोलायचं होतं," लेले म्हणाले.

व्यवहारातून सर्जेरावांनी विहीर वगळून घेतली होती, म्हसोबा वगळून घेतला होता. विसावा राहिला. सौद्याच्या बैठकीत समोर पेढे, शेजारी आई बसलेली. असल्या शुभ बोलण्यात विसाव्याचं नाव काढणार कोण? आता त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

मागच्या बाजूला खांदेकरी संपतचा खांदा थरथरायला लागला. तिरडी कलली.

"आरं, काय ते लवकर ठरवा!"

"इथेच रस्त्यावर टेकवा ना," लेले म्हणाले.

"रस्त्यावर? बेवारस हाय का ती?" सर्जेरावांचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "माझी गाडी लागती ती जागा तर माझी हाय ना? आज रिकामी हाय."

लेल्यांनी विचार केला. माणूस नियमाचा पक्का.

"ती तुमचीच. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटबरोबरची. तिथे माझी हरकत नाही. फक्त पट्टीच्या आत ठेवा. शेजारची जागा दुसऱ्यांची आहे."

रांगोळी चुकवत चौघे आत शिरले. शेजारची गाडी कुणीतरी तिरकी लावली होती. तिच्या आरशाला कोपर घासत संपत कसाबसा पुढे सरकला. तिरडी खाली आली, पण एक बांबू पिवळ्या पट्टीच्या बाहेर गेला.

लेले फाटकातून बघत होते.

बायडाबाईंचे दीर दत्तोबा गुडघ्यावर हात टेकून वाकले. त्यांनी बांबू धरला आणि हळूच आत ओढला.

"वैनी," ते म्हणाले, "जरा अंग चोरून घ्या."