आसावरीबाईंचं ॲव्हरेज

या, अगदी इकडं सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण घाईनं ऐकायची नाही.

बंगळूरात बसवनगुडीहून के. आर. पुरम स्टेशनकडं एक जुनी छोटी गाडी निघाली होती. स्टीअरिंग तनयकडं. "तुमच्या चालीनं गेलो तर ट्रेन चेन्नईला जाऊन परत येईल, अप्पा," असं म्हणत त्यानं वडिलांच्या हातातून किल्ली काढूनच घेतली होती. शेजारी बसलेल्या अरविंदरावांची नजर रस्त्यावर नव्हती. स्पीडोमीटरखालच्या बारीक हिरव्या आकड्यावर होती. लिटरमागं अठरा किलोमीटर.

फ्लायओव्हर मोकळा मिळाला आणि तनयनं पाय दाबला.

"हळू रे."

"अप्पा, ट्रेन आहे!"

"स्वल्प हळू. ॲव्हरेज पडेल."

"पडू दे की! टाकी मी फुल्ल करून देतो. शेजारच्या नयनाअक्का सांगत होत्या, गल्लीतली पोरं तुम्हाला बैलगाडीवाले काका म्हणतात. आई गेल्यापासून हे काय धरलंय तुम्ही?"

अरविंदराव हसले नाहीत. आकडा लुकलुकला. सतरा पॉइंट नऊ झाला, परत अठरावर आला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला.

"गाडी घेतल्यापासून तुझ्या आईनं हा आकडा कधी शून्य केला नाही, तनू. तिनं चालवलेला एकूण एक किलोमीटर यात आहे. आता मी चालवतो, तू चालवतोस, आणि ती पातळ होत जाते. दुधात पाणी पडावं तशी. हळू चालवलं तर राहते जरा. अठराच्या खाली ती कधी गेली नाही रे."

तनयची आई, आसावरीबाई, म्हणायच्या, गाडी कीर्तनाच्या पूर्वरंगासारखी चालवावी. बुवांनी तिथंच घाई केली तर पुढं आख्यानाला दम उरत नाही. आपल्या या म्हणण्यावर त्या स्वतःच आधी हसायच्या.

रस्त्याकडं बघतच तनयनं विचारलं,

"सुट्टी संपली की मला स्टेशनवर सोडायला यायची. ते किलोमीटर पण यात?"

"सगळे."

त्यानं पाय उचलला.

गाडी डाव्या कडेला आली. बाजूनं लॉऱ्या, बसगाड्या, दुधाचे टेम्पो हॉर्न मारत पुढं गेले. आत इतकं शांत झालं, की मागच्या सीटवर कुणीतरी पदर सावरून बसलंय असं दोघांनाही वाटलं. आरशात मात्र कुणीच बघितलं नाही.

रुळांवरच्या पुलावर आले तेव्हा खालून तनयची ट्रेन निघून चालली होती. त्यानं ती शेवटच्या डब्यापर्यंत जाऊ दिली. वेग तेवढाच ठेवला.

एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, "येनु सार, मेरवणिगेना?" मिरवणूक आहे का, म्हणे.

तनयनं काच खाली केली.

"हौदु अण्णा," तो म्हणाला. "मिरवणूकच आहे."

तेव्हा मंडळी, मागणं एवढंच. पुढं एखादी गाडी उगाच सावकाश चाललेली दिसली, तर हॉर्न दाबायच्या आधी आमच्या आसावरीबाईंना एकदा आठवा.