सवतीचा टाक

“तो टाक आत घाल,” सुदेश म्हणाला आणि त्याने उंडो पाव चहात बुडवला.

सिद्धीने घातला नाही. आदल्या दुपारी बसून तिने तो नव्याने ओवला होता. तिच्या हळर्ण गावच्या आजीच्या तुटलेल्या माळेतले जुने काचेचे मणी, मधेमधे पितळेच्या बारीक वाट्या आणि खाली चांदीचा टाक. काळ्या दोऱ्यात लोंबकळणारी ती बाईची आकृती आज पहिल्यांदाच दागिना वाटत होती.

“बरो दिसता मां?” तिने विचारलं.

“लोकांक दाखवूची वस्तू नाय ती.”

टाक तिच्या सवतीचा होता. सेजल तिचं नाव. लग्नानंतर ती सुदेशबरोबर कुवेतला गेली आणि तिथेच तापाने वारली. सगळं तिथल्या तिथे उरकून सुदेश एकटा पेडण्याला परत आला. पुढे सिद्धीशी त्याचं लग्न ठरलं, तेव्हा सासूने, सुमंगलाने, मंगळसूत्राच्या आधी हा टाक घडवून घेतला. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, सणाला आधी तिला हळदकुंकू, तिला नैवेद्य, मग आपण जेवायचं. नाहीतर ती संसारात नडते.

सिद्धीला जुन्याचं वेड. चिनीमातीच्या टवके उडालेल्या बश्या, शिंपल्याची बटणं, कुणाच्या तरी आजीने विणलेली लेस, असलं काही दिसलं की ती उचलून आणायची आणि त्यातून काहीतरी नवं करायची. टाकाची रीतही तिला तशीच वाटली होती, जुनी, जपून ठेवण्यासारखी. टाकावर तिचा राग नव्हताच. राग नवऱ्यावर होता.

सुदेशला तो टाक बघवत नसे. खोलीत आल्यावर आधी तो काढून ठेवायला लावायचा. सेजलचा एक फोटो घरात नव्हता. अविधवा नवमीला सुमंगला तिच्या नावाचं पान वाढायची आणि नेमका त्याच दिवशी हा मोटारसायकल काढून म्हापशाला पळायचा.

“सोसना नाय तेका,” सुमंगला डोळे पुसत म्हणायची. “जीव होतो त्याचो तिच्यार.”

हे ऐकलं की सिद्धीचं डोकं फिरायचं. जिवंत बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. मेलेलीशी भांडायचं कसं? ती म्हातारी होत नाही, आमटीत मीठ जास्त घालत नाही, माहेरी जाऊन बसत नाही. आणि मग आपण कोण? तिच्या जागेवर आणून बसवलेली बदली कामगार?

“आयतवारी नार्व्याक जातंय,” ती म्हणाली. “जत्रेत आमच्या बचतगटाचो स्टॉल आसा.”

सुदेशने कप खाली ठेवला. “नार्व्याक जावचां नाय.”

“कित्याक?”

“मी सांगतंय म्हणान. म्हापशाक जा, मांद्र्याक जा. डिचोलीकडे नाय.”

सेजल डिचोली बाजूची, नार्व्याचीच होती. आईबाप कधीच वारलेले, एका मावशीने वाढवलेली. म्हणजे तिच्या गावची वाटसुद्धा याला दुखते! सिद्धीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“खरां सांग. अजून तुका तीच व्हयी मां?”

“तिचां नाव काढू नको.”

“काढतलंय! रोज गळ्यात बांधून फिरतंय, आणि नाव काढूचां नाय?”

सुदेश उठला. टेबलावरचा मण्यांचा डबा त्याने हाताच्या एका फटक्यात उडवला. मणी घरभर झाले. “हां सगळां भंगार उद्या भायर काढ,” तो ओरडला आणि मोटारसायकल घेऊन निघून गेला.

सिद्धी रडली नाही. कपाटाखाली हात घालघालून तिने मणी वेचले. प्रत्येक मण्यागणिक तिचा राग वाढत गेला. आता नार्व्याला जायचंच, आणि टाक पदरावर मिरवत जायचं. बघू दे त्या गावाला, सुदेशची बायको आज कोण आहे ते!

रविवारी ती गेली. जत्रेला गर्दी होती. तिच्या मण्यांच्या माळा, जुन्या लेसच्या पिशव्या बायका हाताळून बघत होत्या. दुपारी एक बाई आली. साधारण तिच्याच वयाची, अंगावर साधी सुती साडी. तिने लेसचा एक तुकडा उचलला, आणि तिची नजर सिद्धीच्या गळ्यावर थांबली.

“बरी ओवलंस माळ. आणि ह्यो टाक?”

“सवतीचो.”

“कोणाकडली तू?”

“पेडण्याची. सुदेशाची बायको.”

बाईच्या हातातली लेस तशीच राहिली. “आणि सवत?”

“सेजल. कुवेताक मेली, तापान.” इतके दिवस दाबून धरलेलं सिद्धीच्या तोंडून भसाभसा बाहेर पडू लागलं. “मेली, पण माका काय सोडूक नाय. घोव अजून तिच्यासाठीच कुढता. तिचो टाक बघवणा नाय तेका, तिच्या गावात माका येवक देयना नाय. मी जिती आसान तेका इतकीय किंमत नाय माझी!”

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला.

“बगू.”

सिद्धीने माळ न काढताच टाक पुढे केला. बाई वाकली. चांदीवरची ती आकृती तिने अंगठ्याने पुसली, उजेडाकडे वळवली, बराच वेळ निरखली.

“सोनारान नाक चुकवलां गो,” ती म्हणाली. “माझां एवढां बारीक नाय.”