नादाची पारख

हातोडीचा ठोका कारखान्यात विरला. शिकंज्यात जुन्या मोटारीचे स्टिअरिंगचे चाक होते. भेगांत लांबीचा लगदा भरण्याआधी आतली लोखंडी कडी वडील नुसत्या ठोक्याच्या नादावरून पारखत. “खणखणीत आहे!” लेकीकडे पाहत ते म्हणाले. तिला मात्र फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज ऐकू आला होता. “बाबा, कडीला तडा गेलाय.” “आता तू मला शिकव! चाळीस वर्षांत या कानांनी दगा दिलेला नाही.” रंग चढला की चाक आरशासारखे झळकेल, आणि एखाद्या उतारावर कुणाच्या तरी हातात तुटून येईल. बाबा हल्ली बोलणाऱ्याच्या ओठांकडेच का बघतात, हे तिला एकाएकी उमगले. ते लांबीचा डबा आणायला वळले. त्यांच्या पाठीमागून ती ओरडली, “बाबा, वर्षभरात अशी किती चाकं पाठवलीत?” शीळ घालत वडील तसेच पुढे निघून गेले.