बेटावरची राजकन्या

नऊ वर्षांनी पॅरिसच्या भिंतींवर आपलं नाव पुन्हा ठळक अक्षरांत झळकणार, एवढा लाभ दिसल्यावर वयस्क गायिका मादाम ओर्तांसनं थिएटरच्या मॅनेजरला बाकी काही विचारलंच नाही. हाती आलेली तिच्या भूमिकेपुरती पानं तिनं पाठ केली: ग्रीक पुराणातली राजकन्या, प्रियकर तिला बेटावर टाकून जहाजानं पळतो, ती शोक करते. तालमीला मॅनेजरनं एकदाही बोलावलं नाही. "तुमच्यासारख्या गायिकेला तालीम कसली, मादाम?" तिला ते पटलंसुद्धा.

पहिल्या प्रयोगात ती डोळ्यांत पाणी आणून गायली, "का रे गेलास सोडून?" जहाजावरच्या नायकानं कानांत बोटं घातली. "याच्यासाठीच गेलो, बाई! अजून किती कडवी आहेत?" प्रेक्षक खुर्च्यांवरून खाली यायचे तेवढे राहिले. हे विडंबन आहे आणि त्यातला विनोद आपणच आहोत, हे तिला तेव्हा कळलं.

पण बाई कच्ची नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनंही डोळे मिचकावले, मुद्दाम बेसूर गायली. थिएटर चिडीचूप.

"विनोद तुम्ही करू नका हो," मॅनेजर विंगेत हात जोडून म्हणाला. "तुम्हाला तो जमत नाही. उद्या असंच झालं, तर दुसरी बाई बघावी लागेल."

तिसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी आणावं लागलं नाही. ते आपसूक आलं, आणि हशा छपराला भिडला. पुढे दोनशे प्रयोग झाले. मॅनेजरनं बंगला बांधला, नायकाला मोठ्या थिएटरचं बोलावणं आलं, प्रेक्षकांनी पोटभर हसून घेतलं. खरंखुरं रडायचं काम तेवढं रोज ओर्तांसकडे राहिलं.