‘ईअरी’चं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत रोज दुपारी तीनला माझ्या दारावर तीनदा टकटक व्हायची. “कोण आहे?” असं विचारताना माझा आवाज कापायचा. उघडून बघावं तर बाहेर कोणी नाही.

आज मी ‘ईअरी’ या इंग्रजी शब्दाचं कार्ड लिहिलं. संपादककाका म्हणाले, “गंमत बघ. आधी हा शब्द घाबरणाऱ्या माणसाला लावायचे. पुढे तोच भीती घालणाऱ्याला लावू लागले.”

“मध्ये काय झालं, काका?”

“कुणास ठाऊक! त्याचं त्यालाही कळलं नसेल.”

मी हसत चहाचा कप विसळून परतले. तीन वाजले होते. माझ्या खोलीला आतून कडी लावलेली होती. आत झाडणाऱ्या मावशी असतील म्हणून मी तीनदा टकटक केली.

आतून माझाच आवाज आला, कापरा.

“कोण आहे?”