मुखरूची ढिली गाठ

खुशालने शेवटची गाठ आवळली, दोराला दोन हिसके दिले आणि सागाच्या झाडावरच्या मचाणावरून सरसर खाली उतरला. वर या झाडापासून त्या झाडापर्यंत दोराचा पूल, पुढे दोराची शिडी. पोरांच्या कमरेला बांधायचा दोरही त्याच गाठींच्या भरवशावर. खाली मात्र नाल्यातले दगड. तिथून कोणी पडलं, तर हाडं वेचायची पाळी.

कुरखेड्याजवळच्या जंगलातलं हे शिबिर, साल सत्त्याऐंशीचं. शहरातली पोरं कालच येऊन उतरली होती. शिबिराच्या सत्यशीलाबाईंनी विचारलं, सगळं पाहून घेतलं ना?

"मीच बांधलं ना, बाई. बिनघोर चढवा."

एवढं बोलून त्याने सायकल काढली. मुखरूभाऊ तापाने आजारी होता, त्याला भेटून दुपारपर्यंत परत यायचं होतं. म्हातारा शिबिरात आला नाही, असं हे पहिलंच वर्ष.

धान कापून झालं होतं. बांधाबांधाने सायकल हाकताना खुशालला जुने दिवस आठवत राहिले. मुखरूचं अर्धं आयुष्य लाकूड डेपोत, ट्रकवर ओंडके बांधण्यात गेलेलं. शिबिरासाठी झाडांवर दोर बांधायला त्यानेच खुशालला शिकवलं. पण खुशाल तेव्हा सावली गावाहून नवा नवा आलेला, अंगात भलतीच रग! बांधलेल्या गाठी पुन्हा तपास म्हटलं, की गड्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. माझ्या गाठीत काय खोट आहे, म्हणून तो हातातला दोर टाकून द्यायचा.

मुखरू काही त्याच्याशी भांडत बसला नाही. तुझ्या गाठी पक्क्याच आहेत बाबा, तो म्हणाला. पण मी पहाटे त्यातली एखादी ढिली करून ठेवत जाईन. पोरं चढायच्या आत शोधून दाखव, तर तुला मानलं.

झालं! खुशालला तेवढंच पाहिजे होतं. दर शिबिराला तो एकेक गाठ चाचपून, ओढून, डोळ्यांजवळ नेऊन बघायचा. आणि दर शिबिराला एक सापडायचीच. एका साली तर दोन सापडल्या. दुसरी तुला गाफील धरायला होती, असं मुखरूने सांगितलं. दुखऱ्या गुडघ्याचा म्हातारा भल्या पहाटे एवढ्या उंच कधी चढून जायचा, ते कोणीच पाहिलं नव्हतं. खुशालला त्याचं भारी कौतुक. म्हातारा नाही, वानर आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा.

एकदा पुलाच्या टोकाची गाठ नुसता हात लावताच सुटून आली. सापडली म्हणून खुशाल वरूनच नाचायला लागला. खाली मुखरू मटकन बसला आणि बिडी पेटवू लागला, तर काडी काही पेटेना. हरला म्हणून म्हातारा हिरमुसला, दुसरं काय! खुशालने पुढे आठवडाभर त्याला चिडवलं.

यंदाची सकाळ मात्र सुनीसुनी गेली होती. भिडूच नाही तर खेळायचं कोणाशी? म्हाताऱ्याच्या आठवणीने खुशालचा जीव सारखा कासावीस होत होता. बापाने लावली नसती एवढी माया त्याने लावली होती, आणि हे त्याला एकदा तोंडावर सांगायचं राहूनच गेलं होतं.

मुखरू अंगणात उन्हाला खाट टाकून पडला होता. पार वाळला होता, पण खुशालला पाहून त्याचे डोळे हसले. त्याच्या बायकोने, बायनाबाईने, कोरा चहा आणून दिला. डेपोच्या गोष्टी निघाल्या, जुन्या शिबिरांच्या निघाल्या. जे सांगायला आला होता तेही खुशालने चाचरत सांगून टाकलं. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"अन् यंदा कोणती सापडली?" त्याने विचारलं.

खुशालला हसू आलं. "यंदा कुठची सापडते, भाऊ? तुमी इथी खाटेवर. मंग ढिली कोण करन? म्या बांधलं अन् उतरलो. शोधाच्या भानगडीत पडलोच नाई."

खुशालने बशीत चहा ओतला. "पोरं आता पुलावर असतीन," तो म्हणाला.

मुखरूने गोधडी झटकली. उठता येईना, तरी हात टेकून तो अर्धा उठला आणि त्याने खुशालचं मनगट घट्ट धरलं. चहा दोघांच्या अंगावर सांडला.

"पळ, खुशाल. म्या आजवर एकबी गाठ ढिली केली नाई. सापडल्या त्या साऱ्या तुयाच हातच्या होत्या."